भुरीचं वय

म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं रेडकू फिरवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आधी फुलंब्रीच्या बाजूला, मग बरीच वर्षं वैजापूरच्या सरकारी पशुदवाखान्यात. आमचं घर मूळचं मेंढरांचं, त्यामुळं मुलगी जनावरांची डॉक्टर झाली याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल बाहेरच्यांना वाटायचं. मी गोठ्यात शिरले की शेतकरी माझ्या मागं बघायचा, डॉक्टरसाहेब अजून गाडीतून उतरायचेत का म्हणून. त्याची म्हैस मोकळी झाली की मग त्याचं मागं बघणं थांबायचं.

निवृत्त झाल्यावर मी शहरात, शहागंजपासून चालत जाता येईल अशा जागी एक गाळा घेतला आणि लहान जनावरांचा दवाखाना काढला. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. कुत्री येतील, मांजरं येतील, एखादा पोपट येईल, एवढाच माझा अंदाज. सुरुवातीच्याच दिवसांत एक गृहस्थ मिठाईचा खोका घेऊन आले. खोक्याला पेनानं भोकं पाडलेली. झाकण उघडलं तर आत गिनीपिग, अंग फुगवून कोपऱ्यात बसलेला.

मी गिनीपिग हातात धरला होता तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत, त्यालाही जमाना झाला होता. आमच्या शिक्षणात हा प्राणी पेशंट म्हणून नव्हताच. त्याला काय टोचलं की काय होतं ते आम्हाला शिकवलं होतं, त्याला बरं कसं करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. गृहस्थ म्हणाले, नवीनच आणलाय, सर्दी झाली म्हणून शेजारच्या मेडिकलमधून लहान मुलांचं गोड औषध आणून पाजलं, तेव्हापासून जुलाब सुरू झाले. मला सुचलं ते मी केलं. संध्याकाळपर्यंत तो गेला. नंतर पुस्तकं शोधून वाचली तेव्हा उलगडा झाला. गवत पचवायला याच्या आतड्यात जे जंतू राबत असतात तेच त्या औषधानं मारले होते. माणसाच्या बाळाला जे सहज चालतं ते याला विष. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. आले असते तरी हे त्यांना कसं सांगितलं असतं कोण जाणे, कारण औषध त्यांनी फार मायेनं पाजलं होतं.

त्यानंतर मी या प्राण्याचं वाचायला लागले आणि हळूहळू गावात माझं नाव झालं, ‘त्या उंदरांच्या डॉक्टरीणबाई’. वैजापूरचे जुने सहकारी हसायचे. मलाही हसू यायचं, पण काम खरंच अवघड होतं.

गिनीपिग दुखणं लपवतो. ज्याला सगळेच खायला टपलेले असतात तो प्राणी आपण आजारी आहोत हे दाखवत नाही. मेंढराचंही तसंच असतं, म्हणून मला ते लवकर समजलं. नवीन आणलेलं जनावर मी लगेच उचलत नसे. टोपली टेबलावर ठेवायची, झाकण काढायचं आणि मालकाशी गप्पा मारत बसायचं. आपल्याकडं कुणी बघत नाही असं वाटलं की ते जरा सैल होतं. मग श्वासाबरोबर कुशी किती उडतात ते दिसतं. पुढच्या पंजांची आतली बाजू चिकट असेल तर नाक वाहतंय आणि ते पुसतंय. हनुवटी ओली असेल तर दाढांचं दुखणं, कारण याचे दात आपल्या नखांसारखे जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. गवत न देता नुसते दाणे घातले की दाढा वाढून जिभेला टोचतात. टोपलीच्या तळाशी लेंड्या किती आणि कशा आहेत तेही बघायचं. मग काट्यावर कढई ठेवून कढईत पेशंट बसवायचा. मालकांना मी दर आठवड्याला वजन करायला सांगायची, कारण दुखणं डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचं कधी खाल्लं? एक दिवस पोटात काही गेलं नाही तरी याचं आतडं थांबतं. थांबलेलं आतडं पुन्हा सुरू होईलच असं नसतं.

फुलंब्रीहून एक निवृत्त गुरुजी नातवाचा गिनीपिग घेऊन आले होते. लकवा मारलाय म्हणाले, पाय टाकत नाही, हात लावला की ओरडतो. खायला काय घालता, तर दुधात कुस्करलेली भाकरी, तीही गुरुजी स्वतः कुस्करायचे. लकवा नव्हता. या प्राण्याला आपल्यासारखंच आंबट-हिरव्या खाण्यातलं क जीवनसत्त्व बाहेरून लागतं. ते मिळालं नाही तर सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. थेंबांचं औषध, आवळ्याचा रस, कोथिंबीर आणि पेरू एवढ्यावर तो आठ-दहा दिवसांत चालायला लागला. गुरुजी खूश होऊन पेरूची पिशवी देऊन गेले. असे सुटलेले पेशंटही होते, हे सांगायला हवं. पण लिहायला बसलं की आठवतात ते दुसरेच.

एकदा शिंकणारे, डोळ्यांना चिपडं धरलेले पेशंट ओळीनं यायला लागले. चौकशी केली तर सगळे शहागंजातल्या एकाच दुकानातले. दुकान हनीफभाईंचं होतं. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, बोलायला अदबशीर माणूस. पुढं काचेच्या पेट्यांत मासे, वर लव्हबर्ड, मागच्या भिंतीला कबुतरांचे पिंजरे आणि खाली एका मोठ्या पिंजऱ्यात ससे आणि गिनीपिग एकत्र. मुंबईहून फळांच्या करंड्यांत भरून बसनं माल यायचा आणि दुसऱ्याच दिवशी विक्रीला लागायचा.

मी स्वतःहून गेले होते, त्यामुळं सुरुवातीला त्यांना वाटलं मी तक्रार करणार. मी त्यांना सांगितलं की सशाच्या नाकात जे जंतू सुखानं राहतात ते गिनीपिगला न्यूमोनिया करतात, म्हणून दोघांना वेगळं ठेवा. आलेला माल पंधरा-वीस दिवस मागं ठेवा, जो आजारी पडायचाय तो तुमच्याकडंच पडेल, लेकरांच्या घरी जाऊन मरणार नाही. आणि नर-मादी वेगवेगळे करा. हनीफभाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि पहिल्या दोन गोष्टींना कबूल झाले. ससे वर गेले. मंडईतल्या बायकांकडून गिनीपिगांना खायला कोथिंबिरीच्या काड्या येऊ लागल्या. तिसऱ्या गोष्टीला मात्र त्यांनी हात जोडले.

“जगह किधर है मॅडम? नर-मादी अलग करने लगा तो कबूतर किधर रखूं?”

कबुतरं त्यांचा धंदा नव्हता, शौक होता. लहानपणापासून पाळलेली. त्यांतलं एकही ते विकायचे नाहीत. मी आग्रह केला, पण तुटेपर्यंत ताणला नाही. दोन गोष्टी ऐकल्या हेच पुष्कळ होतं. शिंकणारे पेशंट खरंच कमी झाले.

रोहिणी आली ती पुढच्या वर्षी, थंडी सरताना. चोवीस-पंचवीस वर्षांची, वैजापूरच्या कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या घरातली धाकटी सून. नवरा वाळूजला कारखान्यात पाळीवर जायचा. शहरात फ्लॅट घेतल्यावर नवरा-बायको आणि सासू असे तिघं इथं राहायला आले होते. वैजापूरच्या घरी सकाळपासून हमाल, आडते, पाहुणे असा राबता. इथं दार लावलं की संपलं. नवऱ्यानं करमणूक म्हणून हनीफभाईंच्या दुकानातून एक तपकिरी मादी आणून दिली होती. रोहिणीनं तिचं नाव ठेवलं भुरी.

“काही झालं नाहीये मॅडम,” ती म्हणाली, “नवीन आणलीये म्हणून नुसतं दाखवायला आणली.”

असं म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. लोक यायचे ते जनावरानं मान टाकल्यावर. मला इतकं बरं वाटलं की मी तिला खुर्ची देऊन भुरीचं सगळं नीट तपासलं. नाक कोरडं, डोळे स्वच्छ, दात सरळ, लेंड्या उत्तम. रोहिणी कौतुकानं सांगत होती, फार खाते, दोन आठवड्यांत गुबगुबीत झाली. मी पोटाखाली बोटं घातली आणि गोल, कठीण गोळे हाताला लागले. तीन असावेत. भुरी गाभण होती. दुकानातूनच गाभण आली होती.

रोहिणीला इतका आनंद झाला की तिनं तिथंच नवऱ्याला फोन लावला. ती बोलत होती तोवर मी भुरीचे पाय बघत होते. दुकानदारानं तीन महिन्यांची म्हणून सांगितलं होतं. तीन महिन्यांच्या जनावराची नखं बारीक, पारदर्शक असतात. हिची जाड होती, वळलेली. तळवे राठ. एक कान जुन्या भांडणात कातरलेला. ही पोर नव्हती.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. गिनीपिगच्या मादीचं ओटीचं हाड दोन तुकड्यांचं असतं, मधे लवचिक सांधा. पिल्लं मोठी असतात, चांगली केसाळ, उघड्या डोळ्यांची, त्यामुळं बाळंतपणाच्या आधी तो सांधा बोटभर उघडावा लागतो. पहिलं वेत लहान वयात झालं तर तो उघडतो आणि पुढंही उघडत राहतो. सहा-सात महिन्यांपर्यंत एकदाही व्याली नाही तर सांधा कायमचा जुळतो. मग ती गाभण राहिली तर पिल्लांना बाहेर यायला वाट नसते. नर-मादी वेगळे ठेवा म्हणायचं एक कारण हेच होतं.

भुरीचं वय काय आणि ती आधी व्याली होती का, या दोन प्रश्नांवर सगळं अवलंबून होतं. मी त्याच दुपारी हनीफभाईंकडं गेले. त्यांनी लगेच ओळखलं. एक बाई परत देऊन गेली होती, गाव बदललं म्हणून. साल-सव्वा सालची असेल. लहान सांगितली की लवकर विकली जाते, म्हणून लहान सांगितली.

“उम्र से क्या फरक पड़ता मॅडम?” त्यांनी विचारलं. लबाडीनं नव्हे, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मी काय फरक पडतो ते सांगितलं. ते दाण्याचा डबा हातात घेऊन ऐकत होते, तो त्यांनी खाली ठेवला. पहिल्या घरी ती कधी व्याली होती का, मी विचारलं. ते आठवत राहिले, मग माहीत नाही म्हणून मान हलवली. त्या बाईचा पत्ता नव्हता, नाव नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं, आणि का विचारावं?

मी रोहिणीला सगळं खरं सांगितलं. सांधा उघडला तर काही प्रश्न नाही, नाही उघडला तर पोट फाडून पिल्लं काढावी लागतील, आणि एवढ्याशा जिवाला भूल देणं फार जोखमीचं असतं. आधीच ऑपरेशन केलं तर पिल्लं कच्ची निघतील. म्हणून वाट बघायची. दर तीन-चार दिवसांनी ती भुरीला घेऊन यायची आणि मी करंगळीनं हाड चाचपायची.

दुसऱ्या खेपेपासून तिच्याबरोबर सासूबाई यायला लागल्या. निर्मलाबाई. उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेला. आधी त्या भुरीला उंदीर म्हणायच्या आणि तिच्या खोक्यापाशी फिरकायच्या नाहीत, हे रोहिणीनं मला एकटीला सांगितलं होतं. घरात दोघी दिवसभर असायच्या, पण बोलणं म्हणजे मीठ संपलंय, गॅस आलाय, एवढंच. भांडण असं नव्हतं. बोलायला काही नव्हतं. भुरी गाभण आहे कळल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं, किती हायत. मग खोका बाल्कनीतून उचलून आपल्या खाटेजवळ आणला. दवाखान्यात बाकावर बसून त्या सुनेला रागवत होत्या, ते मी आतून ऐकलं.

“पोटुशी हाय अन् तू तिला उचलून फिरवती व्हय? खाली ठिव.”

त्यांच्या तोंडी ते नेहमीचं रागावणं होतं, पण रोहिणी हसली आणि त्याही हसल्या.

सांधा उघडला नाही. दर खेपेला मी करंगळी ठेवायची आणि हाड तसंच, बंद. पुढची खेप येईल तेव्हा उघडेल असं मी त्यांना म्हणायची. परभणीला शिकताना बरोबर असलेल्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, म्हशीला तू उभ्यानं कापलंस, हे जनावर नुसतं उताणं केलं तरी भीतीनं मरू शकतं. त्यानं औषधांची मापं सांगितली आणि देव बरं करो म्हणाला.

एका सकाळी दवाखाना उघडत असतानाच रिक्षा थांबली. भुरी पहाटेपासून कळा देत होती. खाली रक्त होतं. मी हाड बघितलं, करंगळीचं टोकसुद्धा शिरत नव्हतं. एक पिल्लू त्याच्यामागं अडकलं होतं. दोघींना मी पुन्हा सांगितलं की ऑपरेशन केलं तर ती जगेल का मला माहीत नाही. रोहिणी सासूकडं बघत राहिली.

निर्मलाबाई म्हणाल्या, “करा ताई. नाय केलं तर समदीच जातील.”

त्या बाहेर थांबायला तयार नव्हत्या. मी त्यांना हात धुवायला लावले आणि गरम पाण्याच्या पिशवीवर कापड पसरून त्यापाशी उभं केलं. माझ्या हातांना म्हशीच्या मापाची सवय. इथं कातडी कागदासारखी होती आणि सगळं गर्भाशय माझ्या ओंजळीत मावत होतं. अडकलेलं पिल्लू आधीच मेलेलं होतं. दुसरं काढून निर्मलाबाईंच्या हातात दिलं, त्यांनी कापडानं चोळलं, नाकातलं पाणी झटकलं आणि ते ची करून ओरडलं. तिसरंही ओरडलं. गिनीपिगची पिल्लं आंधळी जन्मत नाहीत. ती दोघं त्या कापडावर बसून डोळे उघडे ठेवून आमच्याकडं बघत होती. निर्मलाबाई त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, अगं बाई, ही तर तयारीनंच आलीत.

भुरी भुलीतून उठली. दुपारी पिल्लं तिच्याखाली गेली आणि प्यायली. रोहिणी बाहेर जाऊन रडून आली. मलाही वाटलं, जमलं.

पण ती खाईना. मी आधी सांगितलं तेच, आतडं थांबायला लागलं. कुटलेलं गवत आणि दाण्यांची पेज सुईशिवायच्या सिरिंजनं पाजायची, थोडी थोडी, पुन्हा पुन्हा. औषधं मी घरी जाऊन द्यायची. निर्मलाबाईंनी भुरीला मांडीवर टॉवेलात गुंडाळून धरायचं आणि रोहिणीनं पाजायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भुरीनं आपणहून हरळीची एक काडी ओढली आणि सगळी खाल्ली. रोहिणीनं फोनवर ते मला सांगितलं तेव्हा मागून निर्मलाबाईंचा आवाज येत होता, सांग, पुरी खाल्ली म्हणावं.

त्याच्या दुसऱ्या सकाळी ती गेली. निर्मलाबाईंच्या मांडीवरच गेली. मी पोचले तेव्हा त्या हलल्याही नव्हत्या. यकृतानं दगा दिला होता. बाळंतपणाच्या आसपास उपास घडला की या प्राण्याला असं होतं. मी हे सांगायला सुरुवात केली, पण त्यांना ते नको होतं. त्यांनी विचारलं, “आमच्या घरी आली तव्हाच हे ठरल्यालं व्हतं का, ताई?”

मी हो म्हणाले. खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. त्या पिंजऱ्यात ती नराबरोबर होती तेव्हाच ते ठरलं होतं.

रोहिणीनं दुकानात जाऊन भांडावं असं तिच्या नवऱ्याला वाटत होतं. ती गेली नाही. मी गेले, भांडायला नाही, नुसतं सांगायला. हनीफभाईंनी या वेळी चहा मागवला नाही. मी निघाले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, पिल्लं दूध कशाचं पितात. शेळीचं, पाणी घालून, म्हणून मी सांगितलं. नंतर कळलं की शेळी पाळणाऱ्या त्यांच्या नात्यातल्या एका बाईकडून रोज सकाळी रोहिणीच्या घरी दूध पोचत होतं.

काही दिवसांनी मी त्या बाजूला गेले तर मागची भिंत रिकामी. कबुतरं नव्हती. त्यांच्या पिंजऱ्यांत आता गिनीपिग होते, नर एकीकडं, माद्या एकीकडं, नवीन आलेले तिसरीकडं. कबुतरं त्यांनी पडेगावच्या एका मित्राला देऊन टाकली होती. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “उधर आसमान बड़ा है. अच्छे रहेंगे.” आणि गिऱ्हाइकाकडं वळले. त्या दिवसापासून गिनीपिग विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ते माझ्या दवाखान्याचा रस्ता सांगायचे, वय खरं सांगायचे, आणि उन्हाळ्यात विकायचेच नाहीत. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालच्या घरात हा प्राणी उष्माघातानं तासाभरात जातो, हे मी त्यांना सांगितलं होतं. कूलर आहे का, असं ते गिऱ्हाइकाला विचारायचे. गिऱ्हाईक चिडून जायचं.

ती चार-पाच वर्षं माझ्या कामातली सगळ्यात चांगली. नवीन आणलेलं जनावर लोक आठवड्याच्या आत दाखवायला आणायचे. खरूज असेल तर पहिल्या खाजेलाच सापडायची, लेकरांच्या हाताला नायटा व्हायच्या आधी जनावराचा नायटा दिसायचा. मला वाटायचं, एक भुरी गेली पण त्यातून गावात एक रीत पडली.

मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि त्या ओळीतली दुकानं गेली. हनीफभाई मुलाकडं राहायला गेले. मुलाचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. ते तिथं गल्ल्यावर बसतात. मला बघून उठून उभे राहतात, पण बोलण्याचा विषय उरला नाही. आता जनावरं फोनवर मागवली जातात. कुठून येतात कुणाला माहीत नाही. मी वय विचारलं की नवीन पोरं मला फोनचा पडदा दाखवतात. तिथं एक फोटो असतो, दुसऱ्याच गिनीपिगचा. मी पुन्हा नखं बघते, तळवे बघते, आणि पुन्हा बहुतेक जण मान टाकल्यावरच येतात. माझे हात आता थरथरतात, म्हणून ऑपरेशन मी सोडलं. ज्याच्या त्याच्या पाठीमागं लागून हे सांगायला हनीफभाईंसारखा कुणी बाजारात हवा होता. तो एक होता आणि त्याला ते शिकवायला एक जीव खर्ची पडला होता. ते सगळं एका रस्त्याखाली गेलं याची मला अजून हळहळ वाटते.

भुरीची दोन्ही पिल्लं माद्या निघाल्या, त्यामुळं त्या एकत्र राहिल्या. निर्मलाबाईंनी नावं ठेवली ठिपकी आणि सोनी. पहिले काही दिवस त्यांना दूध पाजून झाल्यावर ओल्या कापसानं पोटाखाली पुसावं लागे, त्याशिवाय त्या लघवी करत नसत. आई चाटून ते करते. ते निर्मलाबाईंनी केलं. पुढं रोहिणीला शाळेत नोकरी लागली आणि दिवसभर त्या तिघीच घरात. रोहिणी संध्याकाळी आली की सासूकडं त्या दिवसाच्या बातम्या असायच्या. कुणी काय खाल्लं, कोण कुणावर चिडलं. रोहिणी मला म्हणाली होती, आई आता मला वैजापूरच्या गोष्टीसुद्धा सांगतात, लग्न होऊन आल्या तेव्हाच्या.

सोनी म्हातारी होऊन गेली. ठिपकी तिच्यामागून काही महिने राहिली. ती गेली त्या सकाळी दोघी दवाखान्यात आल्या, शालीत गुंडाळलेली ठिपकी घेऊन. औषधासाठी नाही. फ्लॅटला माती नाही, कुठं पुरायची, असं विचारायला. माझ्या भावाचं शेत फुलंब्रीच्या अलीकडं आहे. आम्ही तिघी माझ्या गाडीतून गेलो. बांधावर भावानं खड्डा करून दिला. निर्मलाबाईंनी शाल काढून घेतली नाही.

परत येताना, सावंगीच्या पुढं आल्यावर निर्मलाबाई म्हणाल्या, “ताई, दुसरी आणावी म्हणते. कुठनं आणू?”

मला हनीफभाईंच्या भिंतीवरचे ते पिंजरे आठवले. आता कुठनं आणा म्हणून सांगणार होते मी? कुठल्या तरी खोक्यातून येणारी, वय माहीत नसलेली, कदाचित गाभण, कदाचित छातीत सर्दी घेऊन आलेली. आणि यांचंही वय झालेलं. पुन्हा मांडीवर कुणी जावं असं मला वाटत नव्हतं.

“नका आणू,” मी म्हणाले.

त्या “बरं” म्हणाल्या. रोहिणी खिडकीतून बाहेर बघत होती.

माझं उत्तर बरोबर होतं असं मला आजही वाटतं. डॉक्टर म्हणून मी तेच पुन्हा देईन. पण त्यानंतर एकदा दुपारी मी त्यांच्या घरी गेले होते. रोहिणी शाळेत होती. खाटेजवळची जागा धुऊन पुसून मोकळी होती. निर्मलाबाईंनी चहा केला, बिस्किटं काढली. स्वयंपाकघरात खुंटीला सगळ्या कापडी पिशव्या टांगलेल्या दिसल्या, म्हणून मी सहज काहीतरी बोलले, बरं केलंत, प्लास्टिक नको, असं.

“तसं नाय ताई,” त्या म्हणाल्या. “भाजीची पिशवी वाजली का दोघी आतून शिट्ट्या घालायच्या. आता वाजवली तर कोण नाय बोलत. म्हनून कापडीच घेते.”